दर दसऱ्याला पद्मिनी सुरूच होत नाही: पावसाळाभर बंद ठेवलेल्या गाडीचं नेमकं काय बिघडतं

आमची प्रीमियर पद्मिनी 1986 ची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली, आता कुडाळजवळ गावच्या घरी असते. मी ठाण्यात, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागायच्या आधी तिला मांगरात, म्हणजे घराशेजारच्या कौलारू खोपीत, लावून येतो आणि दसऱ्याला बाहेर काढतो. आणि पाच वर्षं ओळीने हेच झालं, दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा हार तयार, नारळ तयार, बाबा धुतलेले कपडे घालून अंगणात उभे, आणि गाडी जागची हलत नाही.

दर वर्षी कारण वेगळं निघायचं म्हणून मला हा एकच प्रॉब्लेम आहे हे कळायला इतका वेळ लागला. पहिल्या वर्षी बॅटरी मेलेली, नवीन घातली. दुसऱ्या वर्षी बॅटरी ठणठणीत पण कार्बोरेटरपर्यंत पेट्रोलच येईना, पंपाचा डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा आतला रबरी पडदा, कडक होऊन चिरलेला. तिसऱ्या वर्षी इंजिन सुरू झालं पण मागची दोन्ही चाकं जाम. चौथ्या वर्षी क्लच सुटेना, गिअर टाकला की गाडी उडी मारायची आणि बंद पडायची. पाचव्या वर्षी टपावर मोहरीएवढे फोड आले होते रंगाखाली, बोटाने दाबला की आत तांबूस पाणी. दर वेळी तो तो पार्ट बदलला, जुनी गाडी आहे व्हायचंच म्हणून सोडून दिलं. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने तर चाकं जाम झाली तेव्हा जीपला दोर बांधून गाडी ओढली, चाक सुटलं खरं पण ब्रेकचा लायनर, म्हणजे घासणारा थर, शूपासून उखडून ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यात, अडकला, आणि तो ड्रम मिळवायला मला दीड महिना लागला. पद्मिनीचं प्रॉडक्शन 2000 च्या आसपासच थांबलं, मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीही 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे पार्ट आता शोधून आणावे लागतात. म्हणून कुठलाही पार्ट जोर लावून तोडायच्या आधी हे वाचा.

उत्तर मला आमच्याच वाडीतल्या एका मिस्त्रीकाकांनी दिलं. मुंबईत तीस वर्षं टॅक्स्या दुरुस्त करून गावी परत आलेत. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी मांगरात जाऊन मी गाडीवर टाकलेली निळी प्लास्टिकची ताडपत्री उलटी केली आणि आतल्या बाजूने हात फिरवून मला दाखवला, हात ओला. बाहेर चार दिवस पाऊस नव्हता. म्हणाले, "गाडयेक वारो लागाक व्हयो. तू तिका गाठोड्यात बांधून ठेवलंस."

आपण सगळी काळजी वरून पडणाऱ्या पाण्याची करतो. माझ्या गाडीवर वरून एक थेंब पडत नव्हता, कौलं शाकारलेली, वर ताडपत्री, तरी ती ओली होती, कारण पाणी खालून येत होतं. मांगराची जमीन मातीची, शेणाने सारवलेली, भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, चिरा पाणी पितो. कोकणात जुलैत हवेतली आर्द्रता 85-90 टक्के सहज असते आणि साधारण 60 टक्क्यांच्या वर गेलं की उघड्या लोखंडाचं गंजणं झपाट्याने वाढतं. त्यात श्रावणात मधूनच ऊन पडतं, मांगर तापतो, जमिनीतली ओल वाफ होऊन वर येते आणि ताडपत्रीखाली अडकते, रात्री पत्रा गार झाला की तीच वाफ टपावर, ड्रमच्या आत, टाकीच्या रिकाम्या भागात, प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रीब्युटरच्या कॅपमध्ये दव होऊन बसते. थंड पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं तसंच. असं चार महिने रोज रात्री. बॅटरी, पंप, ब्रेक, क्लच, रंग, पाचही बिघाडांच्या मागे कमीजास्त प्रमाणात ही एकच गोष्ट होती.

आता तुमची गाडी आत्ता बंद पडलेली असेल तर आधी ते बघू, ठेवायचं कसं ते नंतर.

सगळ्यात आधी सेल्फ मारू नका. हे मी पाचही वर्षं चुकलो. चार महिन्यांत सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरलेलं असतं, सुक्यावर पिस्टन फिरवला की ओरखडे पडतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात इंजिन ऑइल चमचाभर सोडा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग इंजिन हाताने थोडं फिरतंय का बघा, गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँकच्या नटाला पान्हा लावून. फिरलं तर कॉइलची वायर काढून बाजूला करा म्हणजे स्पार्क पडणार नाही, आणि प्लग नसतानाच सेल्फ पाच-सात सेकंद असं तीन-चारदा मारा, मध्ये थांबत, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. प्लगच्या भोकांतून ऑइल उडतं, फडकं धरा आणि तोंड लांब ठेवा. इंजिन हाताने अजिबात फिरत नसेल तर तिथेच थांबा, आत पातळ ऑइल सोडून दोन दिवस राहू द्या, जबरदस्ती नको. आणि मांगरात पुराचं पाणी शिरून गेलेलं असेल, 2021 च्या जुलैत चिपळूणला किती गाड्या अशा बुडाल्या ते आठवा, तर सेल्फच काय किल्लीसुद्धा फिरवू नका, बॅटरी सोडवा आणि आधी सगळी ऑइलं काढून बघा, पाणी मिसळलं की ऑइल दुधाळ दिसतं.

सेल्फ नुसता टक टक करतोय तर बॅटरी. मल्टीमीटर दीड-दोनशेत मिळतो, घेऊन ठेवा. काही तास चार्जर न लावता बसलेल्या बॅटरीला 12.6 च्या वर व्होल्ट असतील तर ती भरलेली, 12.4 ला चार्जिंग हवं, 12 च्या खाली आलेली असेल तर ती रिकामीच समजा आणि फार दिवस तशी राहिली असेल तर प्लेटांवर सल्फेट बसून ती परत पूर्ण भरत नाही. चार्ज करताना सावकाश करा, बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-अवरचा दहावा भाग, म्हणजे 35 ची बॅटरी असेल तर साडेतीन अँपिअर. आणि नवीन बॅटरी आणायच्या आधी टर्मिनल बघा, पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असते ती खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी असते तिची दोन्ही टोकं घासून बसवा. माझी पहिल्या वर्षीची बॅटरी बहुतेक चांगलीच होती, अर्थ गंजलेला होता, हे आता कळतं.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही तर आधी स्पार्क बघा. एक प्लग वायरला लावून त्याचं लोखंड इंजिनला टेकवा, रबरी हातमोजा किंवा सुकं फडकं वापरा, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नाही ना ते बघा. निळा, चट चट आवाज करणारा स्पार्क पाहिजे. पिवळट मरतुकडा असेल किंवा नसेलच तर डिस्ट्रीब्युटरची कॅप काढा, आतून दव असतं, पुसून उन्हात ठेवा. आतल्या पॉइंटवर, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, राखाडी थर बसलेला असतो, बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवायचा आणि मग कोरा जाड कागद मध्ये धरून ओढायचा म्हणजे कण निघून जातात. निम्म्या गाड्या इथेच सुरू होतात असा माझा अनुभव आहे, आणि लोक इथे न बघता कार्बोरेटर उघडून बसतात.

स्पार्क ठीक तर पेट्रोल, आणि इथे जरा थांबून सांगतो कारण हा भाग पूर्वीसारखा राहिलेला नाही. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल 20 टक्के इथेनॉलवालं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी, वर दमट हवा, रोज रात्री पत्र्यावर दव, ते पाणी पेट्रोलमध्ये जातं आणि एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने तळाला बसतात. गाडी पेट्रोल ओढते ते तळातूनच. म्हणजे काटा अर्धी टाकी दाखवतोय आणि इंजिनला जातंय ते पाणी. ओळखायला सोपं आहे, पंपाकडे येणारा पाइप काढून पांढऱ्या काचेच्या बाटलीत पावभर पेट्रोल घ्या आणि अर्धा तास न हलवता ठेवा. दोन थर दिसले, किंवा गढूळ दिसलं, किंवा जुन्या वॉर्निशसारखा आंबट वास आला, तर टाकी पूर्ण रिकामी करा, त्यात नवीन पेट्रोल मिसळून भागत नाही. शिवाय आपल्या गाड्यांचे जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम, हे सगळं इथेनॉलसाठी बनलेलंच नव्हतं, ते फुगतात किंवा चिरतात. माझा दुसऱ्या वर्षीचा डायफ्राम त्यातलाच. इथेनॉलला टिकणारे पाइप घेऊन एकदाच सगळे बदलून टाका, मीटरभर लागतो, त्यात कंजुषी करू नका कारण पाइप चिरला की पेट्रोल गरम इंजिनवर गळतं.

टाकी चांगली असूनही कार्बोरेटर कोरडा असेल तर पंप नुसता सुकलाय, पंपाला हाताने हलवायची छोटी लिव्हर असेल तर ती वीस-पंचवीस वेळा मारा. नाहीतर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीत, सिरिंजने थोडं पेट्रोल भरा. थेट कार्बोरेटरच्या तोंडात ओतून सेल्फ मारू नका, बॅकफायर होऊन भडका उडतो. आणि एक मनापासून सांगतो, पूजेच्या दिवशी हे काम चाललेलं असतं तेव्हा बॉनेटवर निरांजन, उदबत्ती नको. आधी गाडी सुरू करा, सांडलेलं पुसा, बॉनेट उघडं ठेवून वास जाऊ द्या, मग ओवाळा. आईला हे सांगायला मला जड गेलं होतं पण तिने लगेच ऐकलं.

पेट्रोल येतंय, स्पार्क आहे, तरी घेत नाही, किंवा सुरू होऊन बंद पडतंय आणि दम कोंडल्यासारखं वाटतंय, तर सायलेन्सरच्या टोकाला हात धरून बघा हवा येते का. कुंभारमाशी मातीचं घर बांधते पाइपात, कोकणात हे फार. टाकीला हवा घेणारी बारीक नळी असते तिच्यातही बांधते, मग टाकीत पोकळी तयार होऊन दहा मिनिटांनी पेट्रोल ओढायचं थांबतं. टाकीचं झाकण उघडल्यावर सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला की हेच समजा. एअर फिल्टरचा डबाही उघडा, आमच्या गाडीत उंदरांनी भाताचं तूस आणि सीटचा काथ्या भरून ठेवला होता.

आता जाम चाकं. हँडब्रेक ओढून गाडी ठेवली की शू ड्रमला टेकून राहतात, मध्ये दव, ड्रमला गंज येतो आणि लायनर त्याला चिकटतो. चारी चाकांना ड्रमच असल्याने पुढेही होऊ शकतं. ओढू नका. गाडी सपाटीवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मागची बाजू जॅकवर आणि मग नीट स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीही नाही, चाक काढा आणि लाकडी हातोडीने ड्रमच्या कडेवर गोल फिरत ठोकत राहा, दहा-पंधरा मिनिटं लागतात. फटीतून गंज सोडवणारा स्प्रे मारायचा मोह होतो, पण तो लायनरवर गेला की लायनर वायाच. सुटला की ड्रम काढून गंज पॉलिश पेपरने साफ करा आणि शू दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा ओलं आहे का. ब्रेक ऑइलही पाणी ओढतं. डॉट 3 प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 205 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की ते 140 वर येऊ शकतं, आणि आतून सिलिंडर गंजतो तो वेगळा. आंबोली घाट उतरायचा असेल तर या आकड्यांकडे दुर्लक्ष करू नका. दर दोन वर्षांनी बदला, रंग कसाही असो.

क्लच चिकटला असेल तर इंजिन पूर्ण गरम करा, मग मोकळ्या मैदानात, पुढे कोणी नाही बघून, क्लच दाबून ठेवून पहिल्या गिअरमध्ये सेल्फ मारून सुरू करा आणि क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर हलका सोडत-दाबत राहा, गाडी हिसके देते आणि एका हिसक्याला प्लेट सुटते. एक पाय ब्रेकसाठी तयार हवा. दोन-चार प्रयत्नांत नाही सुटली तर मिस्त्री बोलवा.

आता ठेवायचं कसं. गेली तीन वर्षं मी हे करतोय आणि तीन वर्षं गाडी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागली आहे.

मांगराच्या जमिनीवर जाड प्लास्टिकचा कागद अंथरला, भिंतीपासून भिंतीपर्यंत, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर चाकं. तीच निळी ताडपत्री, ती आता गाडीच्या वर नाही, खाली आहे. एवढ्या एका गोष्टीने अर्धी ओल गेली. गाडीवर फक्त सुती कव्हर, जुन्या चादरी शिवून केलेलं. कौलं गळतील अशी भीती असेल तर वर बांबूचा सांगाडा करून त्यावर प्लास्टिक टाका, गाडीपासून दोन-अडीच फूट वर, बाजू मोकळ्या. पावसाची झड येते त्या बाजूला नारळाची झापं बांधा, पाणी अडतं आणि वारा खेळतो, आपल्या लोकांनी पडवीला हेच केलं पिढ्यान्‌पिढ्या. पुण्या-मुंबईत सोसायटीच्या पार्किंगला असेल तर झापं नाहीत पण तत्त्व तेच, पॉलिथिनचं कव्हर नको, हवा जाणारं हवं, आणि खिडकीच्या काचा बोटभर खाली, त्या फटीला बारीक जाळी.

लावायच्या आदल्या दिवशी इंजिन ऑइल बदला, जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते ती चार महिने बेअरिंगवर बसवून ठेवायची नाही. मग वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा. खालून धुवायची असेल तर या फेरीच्या आधी, म्हणजे फेरीत सुकते. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, मातीने बुजलेली असतात, काडीने मोकळी करा, पद्मिनीची दारं खालूनच जातात. पायातले रबरी मॅट उचलून घरात नेऊन ठेवा आणि त्याखालचा जाड नमदा ओला आहे का बघा, फ्लोअरचा पत्रा तिथेच सडतो आणि वरून काही दिसत नाही.

टाकी गळ्यापर्यंत भरा, रिकामी जागा कमी म्हणजे दव कमी. स्टॅबिलायझर मिळालं तर घाला. मग पंपाचा पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो, पाइपाचं तोंड बंद करायला विसरू नका. रेडिएटरमध्ये नुसतं विहिरीचं पाणी असेल तर ते काढून कूलंट भरा. हवा नेहमीपेक्षा आठ-दहा पीएसआय जास्त, टायर एका जागी बसत नाहीत. हँडब्रेक सोडलेला, चाकांना ठोकळे. क्लचचं पेडल दाबून पेडल आणि सीटच्या मध्ये काठी अडकवा. बॅटरी काढून घरात, लाकडी फळीवर, महिन्यातून एकदा चार्ज. सायलेन्सरला आणि टाकीच्या नळीला बारीक जाळी बांधा, बोळा कोंबू नका, आणि स्टिअरिंगला चिठ्ठी लावा काय काय काढलंय, काय बांधलंय.

उंदरांसाठी डांबरगोळ्यांनी मला काही फरक दिसला नाही, वास मात्र सीटमधून वर्षभर गेला नाही. पिंजरा लावा, मांगरातलं भात आणि गवत हलवा, बॉनेट उघडं ठेवा म्हणजे अंधाराची ऊब मिळत नाही.

आणि ते दर रविवारी पाच मिनिटं इंजिन सुरू करायचं, ते बंद करा. बाबा हे शेजारच्या दादांकडून प्रेमाने करून घ्यायचे. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, जळताना तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्येच राहतं, चोकवर जास्तीचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, बॅटरी सेल्फला लागली तेवढीसुद्धा भरत नाही. एकतर पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, नाहीतर हात लावू नका.

आपण सगळे गणपतीला गावी जातोच, तेव्हा पावसाळ्याचे अडीच-तीन महिने झालेले असतात, म्हणजे तपासायला अगदी बरोबर वेळ. कव्हर काढून दिवसभर दारं, डिकी, बॉनेट उघडं ठेवायचं, पाऊस उघडलेला बघून. क्लच आणि ब्रेक वीस-वीस वेळा दाबायचे, काठी परत लावायची. गाडी हाताने ढकलून चाक अर्धा फेरा पुढे न्यायचं, टायर दुसऱ्या जागी टेकतो आणि ब्रेक चिकटायला लागले असतील तर तिथेच कळतं. कव्हर आतून हाताने चाचपायचं. ओलं लागलं तर वारा कुठे अडतोय ते शोधायचं.

दसऱ्याला काठी, जाळ्या काढून, चिठ्ठी वाचून, ऑइलचा दिवा विझवून सुरू केली की पहिले चार-पाच किलोमीटर वाडीतल्याच रस्त्यावर, वीसच्या स्पीडला, ब्रेक हलके मारत फिरवा. ड्रमवर बसलेला पातळ गंज घासून जातो, सुरुवातीला खरखर येते आणि बंद होते. ब्रेक एका बाजूला ओढत असेल किंवा पेडल स्पंजासारखं लागत असेल तर हायवेला जाऊ नका, त्याच दिवशी ड्रम उघडा.